मासिक वेदनेमागील एंडोमेट्रिऑसिस : दुर्बिणीद्वारे निदान केव्हा व कसे

रजःकाळी होणारी पोटदुखी ही आपल्या चिकित्सालयातील इतकी नित्याची तक्रार आहे की, केसपेपरवर तिच्यासाठी अनेकदा एक ओळही खर्ची पडत नाही. 'पाळीत दुखायचेच', 'लग्न झाले की थांबेल', 'एक मूल झाले की बरे वाटेल' ही वाक्ये रुग्णेची आई बोलते, शेजारीण बोलते आणि प्रसंगी वैद्यही बोलतो. बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत ही वेदना साधी असते व उपचारांनी आटोक्यात येते, हे खरेच आहे. परंतु काहींच्या बाबतीत तिच्यामागे एंडोमेट्रिऑसिस हा दीर्घकाळ चालणारा आणि उदरातील अवयव एकमेकांस चिकटवून टाकणारा व्याधी दडलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील जवळजवळ १९ कोटी स्त्रियांना व मुलींना हा व्याधी आहे. पहिले लक्षण आणि निश्चित निदान यांत ४ ते १२ वर्षे जातात असेही ही संघटना नमूद करते. याचा अर्थ असा की, पंधराव्या वर्षी ज्या मुलीचे दुखणे सुरू झाले, तिला आपल्या रोगाचे नाव कळेपर्यंत तिचे लग्न होऊन गेलेले असते आणि कदाचित 'मूल होत नाही' हा शिक्काही तिच्यावर बसलेला असतो.

या व्याधीच्या निदानात लॅपरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीद्वारे केल्या जाणाऱ्या उदरपरीक्षेचे स्थान काय, ती कोणत्या रुग्णेस केव्हा सुचवावी, तिचा अहवाल कसा वाचावा आणि या सर्वांत आपण वैद्य व औषधविक्रेते यांनी काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. शस्त्रकर्म करणारे हात आपले नसतील; परंतु त्याआधीची जी वर्षे वाया जातात, ती बहुतांशी आपल्याच दारात जातात.

व्याधीचे स्वरूप

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढणे म्हणजे एंडोमेट्रिऑसिस. बीजांडकोश, गर्भाशयामागील बंध, गर्भाशय व गुदाशय यांमधील पोकळी, मूत्राशयावरील उदरावरण ही तिची नेहमीची स्थाने होत. क्वचित आतडे, मूत्रवाहिनी, जुन्या सिझेरियनचा व्रण आणि मध्यपटल येथेही ती आढळते. ही ऊती स्त्रीसंप्रेरकांना प्रतिसाद देते; म्हणून प्रत्येक पाळीच्या वेळी तेथे सूज व रक्तस्राव होतो. त्या रक्तास बाहेर पडण्यास वाट नसते. परिणामी दाह, तंतुमय कठीणपणा आणि चिकटपट्टे तयार होतात. बीजांडकोशात असे जुने रक्त साठले की घट्ट, तपकिरी द्रवाची गाठ होते. तिलाच आपण 'चॉकलेट सिस्ट' या नावाने ओळखतो.

हे का घडते, याविषयी अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली मांडलेला विचार आजही मुख्य मानला जातो. पाळीच्या वेळी काही रक्त बीजवाहिन्यांतून उलट दिशेने उदरात जाते व त्यातील पेशी तेथे रुजतात, असे त्यांचे म्हणणे. पुढे असे दिसून आले की, असे उलटे वहन बहुतेक स्त्रियांमध्ये होतच असते. व्याधी मात्र दहांतील एखादीलाच होतो. म्हणजे केवळ विमार्गगमन पुरेसे नाही. त्या पेशींना रुजू देणारी शरीराची अवस्था, व्याधिक्षमत्व व कुलवृत्त हेही कारणीभूत आहेत. आई किंवा बहीण या व्याधीने पीडित असेल तर धोका वाढतो, हे आपण लक्षात ठेवावे.

उदावर्तिनी आणि एंडोमेट्रिऑसिस

आपल्या मंडळींत या व्याधीचा उल्लेख झाला की 'ही तर उदावर्तिनी' असे तत्काळ म्हटले जाते. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापदांत उदावर्तिनीचे वर्णन केले आहे. वेगावरोधाने वायू ऊर्ध्वगामी होतो, रज उलट दिशेने जाते व कष्टाने बाहेर पडते, हा त्याचा आशय. सॅम्पसन यांच्या विचाराशी याचे साम्य लक्षवेधी आहे, यात शंका नाही.

परंतु त्याच वर्णनाचा पुढील भाग आपण सहसा वाचत नाही. आर्तव मोकळे होताच त्या स्त्रीस त्याच क्षणी सुख मिळते, असे आचार्य सांगतात. हे लक्षण आधुनिक परिभाषेतील साध्या, म्हणजे प्राथमिक कष्टार्तवाशी अधिक जुळते. तेथे वेदना पाळीच्या सुमारास सुरू होते व स्राव मोकळा होताच एक-दोन दिवसांत उतरते. एंडोमेट्रिऑसिसमध्ये मात्र वेदना बहुधा पाळीच्या काही दिवस आधीच सुरू होते, स्राव मोकळा झाला तरी राहते, पाळी संपल्यावरही रेंगाळते आणि वर्षागणिक वाढत जाते. मैथुनकाळी खोल वेदना हे लक्षण सुश्रुतांनी परिप्लुतेत सांगितले आहे. चरकोक्त परिप्लुतेत श्रोणि, वंक्षण व पृष्ठ येथील वेदना आहेत. एंडोमेट्रिऑसिसच्या रुग्णेत ही सर्व लक्षणे मिसळलेली असतात.

म्हणून एका व्याधीला एकच शास्त्रीय नाव चिकटविण्याचा आग्रह येथे उपयोगाचा नाही. आचार्यांच्या सूक्ष्म निरीक्षणाचा खरा उपयोग व्यवच्छेदक निदानात आहे. स्राव सुरू होताच सुख मिळते का, हा एक प्रश्न प्रत्येक रुग्णेस विचारावा. उत्तर 'नाही' असेल, तर उदावर्तिनी म्हणून वर्षभर औषध देत राहण्यापूर्वी पुढचा विचार झालाच पाहिजे.

प्रश्नपरीक्षा : कोणते प्रश्न विचारावेत

निदानातील सर्वांत स्वस्त व सर्वांत उपेक्षित साधन म्हणजे प्रश्नपरीक्षा. पुढील बाबी आवर्जून विचाराव्यात व लिहून ठेवाव्यात.

१. वेदना पाळीच्या किती दिवस आधी सुरू होते व किती दिवस राहते? गेल्या दोन-तीन वर्षांत ती वाढली आहे काय?
२. वेदनेमुळे शाळा, महाविद्यालय, शेतातील काम किंवा नोकरी दर महिन्याला बुडते काय?
३. पाळीच्या दिवसांत शौचाच्या वेळी गुदभागी तीव्र कळ येते काय? लघवीस त्रास किंवा रक्त? पोटफुगी, जुलाब वा मलावरोध पाळीबरोबर येतो व जातो काय?
४. विवाहित स्त्रीस मैथुनकाळी खोल वेदना होतात काय? हा प्रश्न एकांतात, शक्यतो स्त्री वैद्याने विचारावा.
५. पाळी नसतानाही ओटीपोट, कंबर किंवा मांडीकडे दुखते काय?
६. गर्भधारणेस विलंब होत आहे काय?
७. दर महिन्याला वेदनाशामकाच्या किती गोळ्या लागतात व त्यांनी पूर्ण आराम पडतो काय?
८. आई, बहीण वा मावशी यांना असाच त्रास होता काय?

तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व विशेष आहे. पाळीबरोबर येणारी गुदवेदना वा मलप्रवृत्तीतील बदल ग्रहणी, आमांश किंवा अर्श समजून वर्षानुवर्षे उपचार घेतलेल्या स्त्रिया दिसतात. लक्षण कोणत्या अवयवाचे आहे यापेक्षा ते पाळीच्या चक्राशी बांधलेले आहे काय, हे पाहणे येथे निर्णायक ठरते. रुग्णेस तीन महिने साध्या दिनदर्शिकेवर वेदनेचे दिवस व घेतलेल्या गोळ्या यांच्या खुणा करावयास सांगावे. असा एक कागद पुढील तज्ज्ञास अनेक अहवालांपेक्षा अधिक सांगून जातो.

सोनोग्राफी : उपयोग व मर्यादा

यानंतरची पायरी सोनोग्राफीची. चॉकलेट सिस्ट सोनोग्राफीत बहुधा चांगली ओळखता येते. तिच्यातील द्रव दुधी काचेसारखा एकसारखा धूसर दिसतो. अनुभवी तपासनीस योनीमार्गे सोनोग्राफी करून आतडे व गर्भाशय एकमेकांवर मोकळेपणाने सरकतात की चिकटलेले आहेत, हेही पाहू शकतो. आतडे, मूत्रवाहिनी अशा खोल भागातील व्याधीसाठी एम.आर.आय.चा उपयोग होतो.

परंतु दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली, उदरावरणावर विखुरलेले लहान, उथळ ठिपके सोनोग्राफीत किंवा एम.आर.आय.मध्ये बहुधा दिसत नाहीत. 'सोनोग्राफी नॉर्मल' हा शेरा म्हणजे 'एंडोमेट्रिऑसिस नाही' असा दाखला नव्हे. दुसरी, अविवाहित मुलींमध्ये योनीमार्गे तपासणी केली जात नाही. पोटावरून केलेल्या तपासणीची मर्यादा त्यांच्या बाबतीत अधिक असते. सी.ए.-१२५ ही रक्तचाचणी निदानासाठी विश्वसनीय नाही. ती एंडोमेट्रिऑसिसमध्ये वाढते तशी उदरातील क्षयातही वाढते, आणि सौम्य व्याधीत सामान्य राहते. केवळ तिच्या आकड्यावरून रुग्णेस घाबरवू नये वा निश्चिंतही करू नये.

दुर्बिणीची परंपरा

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात एकशे एक यंत्रांपैकी वीस नाडीयंत्रे सांगितली आहेत आणि त्यांच्या प्रयोजनांत स्रोतसांतील रोगाचे दर्शन हेही एक आहे. पोकळ नलिकेतून आत पाहणे ही कल्पना आपल्यास परकी नाही. मात्र तिचे आजचे रूप गेल्या सव्वाशे वर्षांत घडले. स्वीडनमधील हान्स क्रिस्टियन याकोबेउस यांनी १९१० साली माणसाच्या उदरात नलिकेतून पाहिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. १९४० च्या दशकात पॅरिसमधील राउल पामर यांनी ही पद्धती स्त्रीरोगनिदानासाठी रुळविली.

महाराष्ट्रास या इतिहासात मानाचे स्थान आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ पासून निदानासाठी लॅपरोस्कोपीचा उपयोग सुरू केला. गरीब रुग्णांच्या गर्दीत, महागड्या तपासण्या हाताशी नसताना, अनिश्चित पोटदुखीचे कारण छोट्या छिद्रातून प्रत्यक्ष पाहता येते, हे त्यांनी दाखवून दिले. १९९० साली त्याच रुग्णालयात त्यांनी पित्ताशयाची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया केली. आज ही सोय मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. कराड, सातारा, सांगली व मिरज येथेही दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया होतात.

लॅपरोस्कोपी कशी केली जाते

रुग्णेस संपूर्ण भूल दिली जाते. नाभीजवळ सुमारे एक सेंटिमीटरचा छेद घेऊन उदरात कार्बन डायऑक्साइड वायू नियंत्रित दाबाने भरतात, जेणेकरून पोटाची भिंत वर उचलली जाऊन आतील अवयव मोकळे दिसावेत. त्या छेदातून दुर्बीण व ओटीपोटावरील आणखी एक-दोन, साधारण पाच मिलिमीटरच्या छिद्रांतून सूक्ष्म उपकरणे आत जातात. दृश्य पडद्यावर मोठे होऊन दिसते.

मग ठरावीक क्रमाने निरीक्षण होते : गर्भाशय, दोन्ही बीजवाहिन्या, बीजांडकोश उचलून त्यांखालील भाग, गर्भाशयामागील बंध व पोकळी, मूत्राशयावरील उदरावरण, आंत्रपुच्छ, आतडी, यकृत व मध्यपटल. वंध्यत्वाची तक्रार असल्यास त्याच वेळी गर्भाशयमुखातून निळे द्रावण सोडून बीजवाहिन्या खुल्या आहेत काय, हेही पाहता येते.

व्याधीचे रूप एकच नसते. जुने ठिपके काळे-निळसर, बंदुकीच्या दारूने भाजल्यासारखे दिसतात. नवे ठिपके लाल असतात. काही पांढरे, व्रणासारखे, तर काही पाण्याच्या बुडबुड्यासारखे पारदर्शक असतात. म्हणून पाहणाऱ्याचा अनुभव महत्त्वाचा. घाईने पाहिल्यास सूक्ष्म रूपे निसटतात. शंकास्पद भागाचा तुकडा काढून ऊतिपरीक्षेसाठी पाठविला जातो. त्यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ग्रंथी व त्यांभोवतीची ऊती दिसल्यास निदान पक्के होते. मात्र तुकड्यात ती न दिसल्याने व्याधी नाहीच, असे ठरत नाही.

बहुतेक रुग्णा त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी घरी जातात. उरलेल्या वायूमुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो; हे अपेक्षित आहे. आतडे, मूत्राशय वा रक्तवाहिनीस इजा होण्यासारखा गंभीर उपद्रव निदानासाठीच्या लॅपरोस्कोपीत हजारांत सुमारे दोन स्त्रियांना होतो. हा धोका अल्प असला तरी शून्य नाही. शस्त्रकर्मानंतर पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत गेली, ताप आला, उलट्या थांबेनात किंवा लघवी होईना, तर रुग्णेस विनाविलंब शस्त्रकर्म झालेल्या रुग्णालयात परत पाठवावे. अशा वेळी आपल्याकडे वेदनाशामक वा अनुलोमन देऊन एक रात्र काढणे धोक्याचे आहे.

आज लॅपरोस्कोपीचे स्थान काय

अनेक वर्षे असे मानले जाई की, दुर्बिणीने पाहिल्याशिवाय एंडोमेट्रिऑसिसचे निदान करताच येत नाही. या समजुतीचा एक अनिष्ट परिणाम झाला. शस्त्रक्रियेस तयार नसलेल्या स्त्रियांचे निदानही झाले नाही आणि उपचारही झाले नाहीत. मानवी प्रजनन व भ्रूणशास्त्राच्या युरोपीय संस्थेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ही भूमिका बदलली. लॅपरोस्कोपी ही आता प्रत्येक रुग्णेसाठी अनिवार्य कसोटी मानलेली नाही. लक्षणे, तपासणी व सोनोग्राफी यांवरून संशय बळकट असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ संप्रेरक-उपचार सुरू करू शकतात. सोनोग्राफी वा एम.आर.आय. सामान्य असूनही लक्षणे कायम असतील, आणि औषधांनी गुण येत नसेल किंवा ती देणे योग्य नसेल, तेव्हा लॅपरोस्कोपीचा विचार करावा, असे त्यांत सुचविले आहे.

संप्रेरकांची औषधे बहुधा गर्भधारणा रोखतात. म्हणून अपत्याची इच्छा असलेल्या, वेदनेने त्रस्त स्त्रीमध्ये तो मार्ग सोयीचा नसतो व लॅपरोस्कोपीचे महत्त्व वाढते. मोठी गाठ, आतडे वा मूत्रवाहिनीत अडथळ्याची शंका, गाठीच्या स्वरूपाविषयी संशय ही शस्त्रकर्माची आणखी कारणे होत. लॅपरोस्कोपी करावयाचीच, तर निदान व उपचार एकाच वेळी करू शकणाऱ्या तज्ज्ञाकडे करावी. बीजांडकोशातील गाठ काढताना निरोगी बीजसंचयही काही प्रमाणात कमी होतो. म्हणून 'आधी नुसते पाहू, मग पुन्हा करू' अशा वारंवार शस्त्रक्रियांपेक्षा पूर्वनियोजित एकच शस्त्रक्रिया हितकर ठरते.

अहवाल वाचताना

अहवालात व्याधीची अवस्था एक ते चार अशी लिहिलेली असते. ठिपक्यांचा विस्तार, गाठी व चिकटपट्टे यांना गुण देऊन १ ते ५ गुणांस पहिली, ६ ते १५ गुणांस दुसरी, १६ ते ४० गुणांस तिसरी व ४० पेक्षा अधिक गुणांस चौथी अवस्था म्हणतात. परंतु अवस्था व वेदना यांचे प्रमाण जुळत नाही. पहिल्या अवस्थेतील स्त्री वेदनेने तळमळते, तर चौथ्या अवस्थेतील एखादी केवळ वंध्यत्वासाठी आलेली असते. तेव्हा 'रोग तर थोडाच आहे, मग इतके दुखते कसे?' हा प्रश्न रुग्णेस कधीही विचारू नये.

आपल्या देशात आणखी एक दक्षता आवश्यक आहे. जननेंद्रियांचा क्षय हीच लक्षणे, तसेच चिकटपट्टे व वंध्यत्व घेऊन येतो आणि दुर्बिणीतून पाहतानाही कधी कधी संभ्रम निर्माण करतो. म्हणून काढलेल्या ऊतीचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये ऊतिपरीक्षेसाठी व दुसरा भाग सलाइनमध्ये क्षयजंतूंच्या चाचणीसाठी पाठविणे इष्ट असते. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या भागावर जंतूंचे संवर्धन होऊ शकत नाही. रुग्णेस वा कुटुंबात कोणास पूर्वी क्षय झाला असल्यास आपल्या चिठ्ठीत ते ठळकपणे लिहावे. ही माहिती कुटुंबवैद्याइतकी कोणासच नसते.

गर्भाशय काढणे हे निदान नव्हे

वेदनेला कंटाळलेली स्त्री 'पिशवीच काढून टाका' असे म्हणते आणि तिला तसा सल्ला देणारेही भेटतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आल्यावर राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. याच कामगार टोळ्या दर हंगामात कृष्णाकाठी, सातारा-सांगलीच्या कारखान्यांच्या परिसरात येतात व ओटीपोटाच्या दुखण्यासाठी आपल्याकडेही येतात.

एंडोमेट्रिऑसिस हा मुळात गर्भाशयाबाहेरचा व्याधी आहे. बाहेरील ऊती तशीच ठेवून केवळ गर्भाशय काढल्यास वेदना राहू शकते. बीजांडकोशही काढल्यास तरुण वयातच रजोनिवृत्ती येते व अस्थिक्षयासारखे उपद्रव मागे लागतात. निश्चित निदान हातात नसताना कोणत्याही स्त्रीने या शस्त्रक्रियेस संमती देऊ नये, आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यास आपण तिला बळ द्यावे.

कोयना परिसरातील अडचणी

कोयनानगर, हेळवाक, मोरगिरी या भागातील स्त्रीस स्त्रीरोगतज्ज्ञ व दुर्बिणीची सोय गाठण्यासाठी बहुधा कराडला जावे लागते. कोयनानगरपासून हे अंतर पन्नासहून अधिक किलोमीटर आहे. भातलावणीच्या दिवसांत पावसामुळे व कामामुळे ते आणखी लांबते. म्हणून रुग्णेस 'एकदा कराडला दाखवून ये' असे मोघम सांगून भागत नाही. कोणत्या विभागात जायचे, कोणते कागद न्यायचे, पाळीच्या कोणत्या दिवसांत जायचे, हे लिहून दिले तर एक हेलपाटा वाचतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते काय, याची चौकशी अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच करण्यास सांगावे.

दुसरी अडचण शब्दाची आहे. आपल्या खेड्यांत 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हटले की लोकांच्या मनात कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया येते. शिबिरांमुळे हाच अर्थ रूढ झाला आहे. अविवाहित मुलीस किंवा मूल नसलेल्या सुनेस दुर्बीण सुचविली की घरात गैरसमज होतो, आणि अनेकदा ती सूचना तेथेच मिटते. म्हणून 'ही नसबंदी नव्हे. आत काय आहे ते पाहण्यासाठी दुर्बीण घालतात, यामुळे मूल होण्याची क्षमता बंद होत नाही' हे रुग्णेस, तिच्या आईस वा सासूस व पतीस समोर बसवून स्पष्ट सांगावे.

तिसरी गोष्ट वंध्यत्वाच्या इतिहासाची. पाटण व जावळी तालुक्यांतील असंख्य पुरुष नोकरीनिमित्त मुंबईत राहतात. लग्नास तीन वर्षे झाली तरी पती-पत्नीचा एकत्र वास मोजून काही महिन्यांचाच असू शकतो. हे विचारल्याशिवाय वंध्यत्वाचा शिक्का मारू नये. उलट, पती मुंबईत असल्यास तेथील सार्वजनिक रुग्णालयांत तपासणी करून घेण्याचा मार्गही खुला असतो. परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेने भारतीय स्त्रियांतील एंडोमेट्रिऑसिसच्या बहुकेंद्री अभ्यासात पुढाकार घेतला आहे, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे.

औषधविक्रेत्यांसाठी

दर महिन्याच्या ठरावीक दिवसांत त्याच घरातून वेदनाशामकाची मागणी येते. कधी भाऊ येतो, कधी वडील. वैद्यापुढे ही स्त्री वर्षातून एकदा येत असेल, परंतु औषधाच्या दुकानात तिचे दुखणे बारा वेळा येते. ते ओळखणारा पहिला मनुष्य औषधविक्रेता असू शकतो. गोळ्यांची संख्या महिन्यागणिक वाढत असेल, तर 'एकदा तज्ज्ञांना दाखवा' एवढे एक वाक्य पुरेसे आहे.

पाळीच्या दुखण्यावर सर्रास खपणारे मेफेनामिक ॲसिड हे चिठ्ठीवर द्यावयाचे औषध आहे. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधकोश आयोगाने त्यामुळे उद्भवू शकणाऱ्या तीव्र ॲलर्जिक प्रतिक्रियेविषयी इशारा दिला आहे. ताप, अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज वा ग्रंथींची वाढ दिसल्यास औषध थांबवून तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावयास सांगावे. त्याचप्रमाणे रजःप्रवर्तनी वटी, कुमारी आसव यांसारखी औषधे 'पाळीची औषधे' म्हणून मागणीनुसार हाती देऊ नयेत. पाळी चुकलेली, एका बाजूस तीव्र वेदना व घेरी अशी अवस्था गर्भाशयाबाहेरील गर्भाची असू शकते. तेथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

आर्तवविकार व स्त्रियांचे वंध्यत्व यांवर हमखास उपाय असल्याच्या जाहिरातींस १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याने मनाई आहे. 'चॉकलेट सिस्ट विनाशस्त्रक्रिया विरघळते' असे फलक दुकानात लावणे अशास्त्रीय आहे आणि कायद्याच्या कक्षेतही येते.

शस्त्रकर्मापूर्वी व नंतर आपली भूमिका

रुग्णा घेत असलेल्या सर्व आयुर्वेदीय औषधांची यादी आपण स्वतः लिहून द्यावी. लसूण, सुंठ व गुग्गुळयुक्त कल्प रक्त गोठण्यावर, यष्टीमधु रक्तातील पोटॅशियमवर व अश्वगंधा भुलेच्या औषधांवर परिणाम करू शकतात. म्हणून अशी औषधे साधारण दोन आठवडे आधी थांबवावीत व भूलतज्ज्ञास तसे कळवावे. 'आयुर्वेदिक आहे, सांगण्याची गरज नाही' हा समज रुग्णेच्या मनातून काढणे आपलेच काम आहे.

शस्त्रकर्मानंतर आहार, अग्निदीपन, मलशुद्धी, निद्रा, मनोबल आणि शस्त्रकर्म करणाऱ्या तज्ज्ञाच्या संमतीने वातानुलोमक चिकित्सा यांत आयुर्वेदास मोठा वाव आहे. व्याधी पुन्हा होऊ शकतो. म्हणून तज्ज्ञाने दिलेली संप्रेरक-औषधे आपल्या सांगण्यावरून बंद होऊ नयेत. आपल्या चिकित्सेने वेदना कमी झाली तर ती नोंदवावी. परंतु वेदना शमली म्हणजे गाठ नाहीशी झाली असे न मानता ठरावीक काळाने सोनोग्राफी करून घ्यावी. उपशय हे निदानाचे एक अंग आहे. संपूर्ण निदान नव्हे.

सारांश, पाळीचा स्राव मोकळा होऊनही न शमणारी, महिन्यागणिक वाढणारी, शौच, मैथुन वा गर्भधारणा यांत अडथळा आणणारी वेदना घेऊन आलेल्या प्रत्येक स्त्रीस तीन महिन्यांच्या सुयोग्य चिकित्सेने गुण न आल्यास स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. सोबतच्या चिठ्ठीत वेदनेचा काळ, पाळीशी तिचा संबंध, घेतलेली औषधे, क्षयाचा इतिहास, पूर्वीच्या शस्त्रक्रिया व अपत्याची इच्छा या सहा गोष्टी असाव्यात. दुर्बीण घालावयाची की नाही, हे तज्ज्ञ ठरवतील. रुग्णेस त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचविणे मात्र वैद्यबंधु-भगिनींच्या व औषधविक्रेत्यांच्या हाती आहे.